खेळाडूंची कदर

तुमच्या आवडत्या पाच खेळाडूंची नावे एका कागदावर लिहा. लिहून झाली? आता त्यांपैकी किती खेळाडू तुमच्या जन्माआधीच खेळायचे थांबले होते, ते मोजा. बहुतेकांच्या कागदावर असे एकही नाव नसेल. असलेच तर ते एखाद्या फार गाजलेल्या क्रिकेटपटूचे असेल. यात तुमचा काही दोष नाही. ज्यांना आपण खेळताना पाहतो तेच आपल्याला आवडतात. जे कधी दिसलेच नाहीत, त्यांच्यावर प्रेम कसे करायचे?

तरीही मला तुमच्याशी याच विषयावर बोलायचे आहे. खाशाबा जाधव, विजय हजारे, मुरलीकांत पेटकर, मारुती माने आणि गणपतराव आंदळकर ही पाच नावे तुम्ही ऐकली आहेत का? खाशाबा सातारा जिल्ह्यातले. बाकीच्या चौघांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातला. म्हणजे कृष्णाकाठच्या दोन शेजारी जिल्ह्यांतले हे पाच खेळाडू. पण सातारा आणि सांगलीतल्या शाळांतही या पाचांविषयी चार-चार वाक्ये सांगू शकणारी मुले किती सापडतील, याची मला शंका आहे.

मला असे वाटते, की आपण त्यांची कदर केलेली नाही. ‘कदर’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूत आहे तसाच मराठीतही आहे. मुळात हा अरबी शब्द. त्याचा एक अर्थ मोल, आणि दुसरा अर्थ माप. ‘इस कदर’ असे आपण उर्दूत म्हणतो, तेव्हा ‘इतक्या प्रमाणात’ हाच अर्थ मनात असतो. मला हा दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो. एखाद्याची कदर करायची म्हणजे त्याच्या कामाचे नीट माप घ्यायचे. नुसत्या टाळ्या वाजवल्या, हार घातला, चौकाला नाव दिले, म्हणजे कदर झाली असे नाही. तो माणूस काय करू शकला, कोणत्या परिस्थितीत करू शकला आणि ते किती अवघड होते, हे समजून घेतले तरच ती खरी कदर.

खाशाबांचेच उदाहरण पाहू. 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे पैलवान होते. खाशाबांनी लहानपणापासून तालमीतल्या लाल मातीत कुस्तीचे धडे घेतले. 1948 साली ते लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेला गेले. तेथे कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. मातीत पाय रोवून उभे राहता येते. गादीवर पाय वेगळा पडतो, पकड वेगळी बसते, नियमही वेगळे असतात. खाशाबांना त्या गादीचा सराव नव्हता. तरीही आपल्या वजनगटात ते सहावे आले. ‘फक्त सहावे?’ असे तुम्ही म्हणाल. पण सवय नसलेल्या गादीवर, परक्या नियमांनी, जगातल्या निवडक मल्लांशी लढून मिळवलेला हा सहावा क्रमांक होता. हे ध्यानात घेतले तर त्याचे माप बदलते.

चार वर्षांनी, 1952 साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. तेथे जाण्यासाठी पैसे हवे होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून खाशाबांना मदत केली. हेलसिंकीत खाशाबांनी 57 किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

पुढे काय झाले? 1955 साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. नोकरी करता करता वर्षे निघून गेली. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या एका अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार 1961 साली सुरू झाला होता. खाशाबांना तो मिळाला 2000 सालचा, म्हणजे मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 44 वर्षे लागली. 1996 साली अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी ते मिळवले. म्हणजे 44 वर्षे अख्ख्या देशात असे पदक मिळवणारा एकच माणूस होता, आणि त्यांतली 32 वर्षे तो आपल्यातच हिंडत-फिरत होता. आज महाराष्ट्रात 15 जानेवारी हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण खाशाबांना ती पाहायला मिळाली नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की कदर माणूस जिवंत असताना करावी. मरणानंतरचा सन्मान घरच्यांना समाधान देतो, आपल्यालाही मोठेपणा देतो. ज्याने घाम गाळला त्याच्या हाती मात्र काही पडत नाही.

याच संदर्भात मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट ऐका. ते वाळवा तालुक्यातील पेठ गावचे. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिक म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धा भरल्या. तेथे त्यांनी 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत पोहून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले हे भारताचे पहिले सुवर्णपदक होते. या स्पर्धांतले पुढचे सुवर्ण भारताला 2004 साली मिळाले. पेटकरांना पद्मश्री दिली गेली 2018 साली, म्हणजे पदकानंतर 46 वर्षांनी. 2024 साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कोठे अनेकांना त्यांचे नाव समजले. पडद्यावर आल्याशिवाय आपल्याला शेजारच्या गावचा माणूस दिसत नसेल, तर चूक आपल्या नजरेत आहे.

आता विजय हजारे यांच्याकडे वळू. 11 मार्च 1915 रोजी सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या नावाची एकदिवसीय सामन्यांची स्पर्धा दरवर्षी होते. त्यामुळे ‘विजय हजारे करंडक’ हे शब्द तुम्ही बातम्यांत ऐकले असतील. पण हे हजारे कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? जानेवारी 1948 मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे त्यांनी एकाच कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. पहिल्या डावात 116 आणि दुसऱ्या डावात 145. अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय. समोर ब्रॅडमन यांचा संघ होता, लिंडवॉल आणि मिलर यांच्यासारखे वेगवान गोलंदाज होते. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. भारत तो सामना एका डावाने हरला. हरलेल्या सामन्यातली शतके लोक लवकर विसरतात. मला मात्र वाटते, की संघ कोसळत असताना जो एकटा उभा राहतो, त्याचे माप जरा मोठ्या मापाने घ्यावे.

हजारे यांच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. 1943 साली मुंबईच्या पंचरंगी सामन्यात त्यांच्या संघाने दुसऱ्या डावात 387 धावा केल्या. त्यांपैकी 309 धावा एकट्या हजारे यांच्या. त्या डावात त्यांनी आपला भाऊ विवेक याच्याबरोबर 300 धावांची भागीदारी केली. तीत भावाच्या धावा होत्या 21! तुम्ही हसाल. पण जरा विचार करा. इतका वेळ दुसऱ्या टोकाला चिवटपणे टिकून राहणारा तो भाऊ नसता, तर या 309 धावा झाल्या असत्या का? ज्यांचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जात नाही, असे खेळाडू प्रत्येक खेळात असतात. तुमच्या वर्गाच्या संघातही असतील.

दुसरी गोष्ट मार्च 1947 ची. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून खेळताना हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागीदारी केली. हजारे यांच्या 288, गुल महंमद यांच्या 319. पुढे काही महिन्यांतच देशाची फाळणी झाली. भारताकडून खेळलेले गुल महंमद नंतर पाकिस्तानात गेले आणि 1956 साली त्या देशाकडूनही एक कसोटी सामना खेळले. माणसे दोन देशांत वाटली गेली. भागीदारी मात्र वहीत एकत्रच राहिली. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला हा जागतिक विक्रम 2006 सालापर्यंत, म्हणजे 59 वर्षे टिकला.

‘वहीत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. क्रिकेटमध्ये मैदानाच्या कडेला एक माणूस बसतो आणि प्रत्येक चेंडूची नोंद करतो. त्यामुळे ज्या खेळी आपण पाहिल्या नाहीत, त्याही आज आपण मोजू शकतो. कुस्तीचे तसे नाही. आपल्या भागात जत्रेला फड भरतो. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळांवर लागतात. मोठ्या पैलवानांच्या कुस्त्या इनामावर लागतात. हलगी घुमते, शड्डू ठोकले जातात, धुरळा उडतो. कुस्ती निकाली झाली की लोक विजेत्याला खांद्यावर घेतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. कोण कोणाशी लढला, किती वेळ लढला, कोणत्या डावावर जिंकला, हे पाहणाऱ्यांच्या डोक्यात राहते. ते म्हातारे होतात, एकेक करून जातात, आणि त्यांच्याबरोबर ती कुस्तीही जाते.

हे पैलवान हौशी नव्हते. कुस्ती हाच त्यांच्यापैकी अनेकांचा व्यवसाय होता. पूर्वी संस्थानिक त्यांना पोसत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला. तेथील खासबाग मैदान 1912 सालचे आहे. सातारा आणि सांगलीकडची अनेक मुले शिकण्यासाठी कोल्हापूरच्या तालमींत जाऊन राहत. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि तो आश्रय संपला. दूध, तूप, बदाम यांचा खुराक मात्र चालूच ठेवावा लागे. इनामाच्या पैशांत जमेल तसे भागवावे लागे. पैलवानाची उमेद फार तर दहा-पंधरा वर्षांची. शरीर थकले की इनाम थांबते आणि पोट मात्र थांबत नाही. उतारवयात औषधपाण्याला पैसे नाहीत अशी वेळ कितीतरी नामवंत पैलवानांवर आली. खेळाडूला विसरणे म्हणजे नुसते नाव विसरणे नव्हे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने हे दोघे याच परंपरेतले. आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले आणि माने 1964 साली. 1962 साली जकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य अशी पदके मिळवली. एकाच जिल्ह्यातले दोन पैलवान, एकाच स्पर्धेत, मिळून चार पदके! दुसऱ्या एखाद्या देशात ही गोष्ट शाळेतल्या मुलांना पाठ असती.

कुस्तीचे शब्द तुम्ही कधी कान देऊन ऐकले आहेत का? कुस्ती, पहेलवान, जोर, खुराक हे शब्द फारसीतून आले. तालीम, मेहनत, इनाम हे अरबीतून आले. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे जेथे कुस्ती शिकतात ती जागा. उर्दूतला उस्ताद मराठी मातीत वस्ताद झाला. लंडनमध्ये नाव गाजवणाऱ्या गामा पैलवानाच्या गोष्टी आपल्याकडच्या तालमींतही सांगितल्या जातात. म्हणून हा वारसा दुसऱ्या कोणाचा आहे असे समजू नका. तो तुमच्या घरातल्या भाषेतही बोलतो.

आता तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी हात वर करील आणि म्हणेल, “पण आजचे खेळाडू जास्त चांगले नाहीत का? ते जास्त वेगाने धावतात, पोहतात. मग मागे कशाला पाहायचे?” प्रश्न योग्य आहे. आजचे खेळाडू वेगवान आहेत, हे मी मान्य करतो. त्यांना प्रशिक्षक आहेत, वैद्य आहेत, चांगले बूट आहेत, स्वतःचा खेळ पुन्हा पुन्हा पाहायला चित्रफिती आहेत. पण शिडीच्या वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस उंच दिसतो तो खालच्या पायऱ्यांमुळे. गादीवरची कुस्ती आपल्या मल्लांना जमू शकते, हे खाशाबांनी आधी दाखवून दिले. विक्रम मोडले जावेत, यातच खेळाची प्रगती आहे. विक्रम मोडला म्हणून तो करणारा लहान होत नाही.

याच्या उलटही एक चूक होते. ‘जुने ते सोने’ असे म्हणून काही वडीलधारी मंडळी आजच्या खेळाडूंना नावे ठेवतात. मला तेही पटत नाही. जुन्यांची स्तुती करण्यासाठी नव्यांना कमी लेखण्याची गरज नाही. तसेच जुन्यांच्या कथा फुगवून सांगण्याचीही गरज नाही. खाशाबांचे पदक कांस्याचे होते. ते कांस्याचेच सांगावे. त्याचे मोल खऱ्या गोष्टीतच आहे. खोटी भर घातली की ऐकणारा खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट. मी सांगितलेल्या पाच नावांत एकही स्त्री नाही, हे मुलींच्या लक्षात आले असेल. त्या काळी मुलींना तालमीचे दार बंद होते. ऑलिंपिकमध्येही स्त्रियांची कुस्ती 2004 सालापासूनच सुरू झाली. म्हणजे किती मुलींच्या अंगात बळ आणि चपळाई होती, याचे मापच कोणी घेतले नाही. पुढे माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी 2016 साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली आणि त्या दहाव्या आल्या. त्यांना पदक मिळाले नाही. पण कदर म्हणजे माप, हे आता तुम्हांला समजले आहे. दुष्काळी माणदेशातून त्या फेरीपर्यंतचे अंतर किती आहे, ते तुम्हीच मोजा.

मग आपण काय करायचे? पुतळे उभारणे आणि निवृत्तिवेतन देणे ही मोठ्यांची कामे आहेत, ती त्यांनी करावीत. तुमच्या हातात एक सोपे काम आहे. तुमच्या गावात, मोहल्ल्यात, नात्यात एखादा जुना खेळाडू नक्की असेल. कोणी कुस्ती केली असेल, कोणी कबड्डी किंवा हॉकी खेळले असेल, कोणी जिल्ह्याच्या संघाकडून फुटबॉल खेळले असेल. त्यांच्याकडे जा. सलाम करा, बसा आणि विचारा: तुम्ही कोठे शिकलात? वस्ताद कोण होते? कोणाशी खेळलात? हरलात तेव्हा काय झाले? खर्च कोण करीत असे? ते सांगतील ते वहीत लिहून घ्या. गाव, साल, प्रतिस्पर्ध्याचे नाव आणि निकाल या चार गोष्टी विसरू नका. साल नक्की आठवत नसेल, तर ‘त्या वर्षी दुसरे काय घडले होते’ असे विचारा. म्हणजे उत्तर सापडेल.

तुम्ही उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. दोन्हींत लिहिलेत तर फारच उत्तम. कुस्तीच्या फडाला नोंद ठेवणारा माणूस मिळाला नव्हता. तो आता तुमच्या रूपाने मिळू शकतो. मात्र हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. ज्यांना विचारायचे, ती माणसे आता म्हातारी झाली आहेत.